दाढेवरची टोपी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गुडघेदुखी, अपचन आणि निद्रानाश यांची कधींच वानवा नसते. दांतांविषयीं मात्र क्वचितच कोणी विचारतें. दांत दुखला तर लवंगेचें तेल, फार दुखला तर काढून टाकावयाचा आणि सगळे गेले कीं कवळी, इतका तो विषय आपल्या घरांतून सरळ समजला जातो. त्यामुळें गेल्या महिन्यांत साताऱ्याहून एका वाचकभगिनींनीं जो प्रश्न विचारला आहे तो मला महत्त्वाचा वाटला. त्या लिहितात कीं, दाढेचें रूट कॅनाल करून घेतलें, ठणका पूर्ण थांबला, आणि आतां डॉक्टर म्हणतात कीं वर टोपी बसविलीच पाहिजे. यावर घरांत दोन मतें पडलीं आहेत. दुखणें गेलें असतां पुन्हां हा खर्च कशाला, हा केवळ पैसे काढण्याचा मार्ग नव्हे काय, असें घरांतील कर्त्या पुरुषांचें म्हणणें आहे.

प्रश्न रोखठोक आहे, म्हणून उत्तरहि रोखठोक देतें. रूट कॅनाल झालेली दाढ असेल तर बहुतेक वेळां तिच्यावर टोपी पाहिजे. ती चैन नव्हे. त्याच कामाचा तो उरलेला अर्धा भाग आहे. संशय घेणाऱ्यांसहि मी अगदींच दोष देणार नाहीं. पुष्कळ डॉक्टर "करून घ्या" एवढेंच सांगतात, कां तें सांगत नाहींत. आणि कारण न कळतां ज्याचे पैसे मोजावे लागतात तें काम लुबाडणुकीसारखें वाटावें यांत नवल नाहीं. तेव्हां कारणच आधीं पाहूं.

दांताचें बाहेरील कवच, ज्याला इनॅमल किंवा दंतवल्क म्हणतात, तें मानवी शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य आहे, हाडाहूनहि कठीण. परंतु हाड मोडलें तर सांधतें, कातडी कापली तर भरून येते, तसें या कवचाचें होत नाहीं. तें घडविणाऱ्या पेशी दांत हिरडींतून वर येतां येतांच नाहींशा होतात. इमारत उभी राहते, गवंडी निघून गेलेला असतो. किडीचा अगदीं पहिला पांढुरका डाग लाळेंतील क्षारांनीं थोडाफार भरून निघतो, पण एकदां खळगा पडला कीं तो आपोआप बुजत नाहीं. कीड कवचाच्या आंतल्या थरांत उतरली कीं थंड आणि गोड लागूं लागतें. त्याहून खोल, जेथें रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात तेथें ती पोंचली कीं रात्रीचा ठणका सुरू होतो. रूट कॅनाल म्हणजे हा आंतला नासलेला भाग काढून, मुळांतील बारीक नळ्या साफ करून, त्या गट्टापर्चा या मलायाकडील झाडांच्या चिकापासून होणाऱ्या द्रव्यानें बंद करणें. दुखण्याचें मूळच गेल्यामुळें ठणका थांबतो, आणि येथेंच घोटाळा होतो. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असें घरच्यांस वाटतें. वस्तुतः आंतून इशारा देण्याची तिची शक्ति तेवढी गेलेली असते. तिचा अशक्तपणा जागच्या जागींच असतो.

वाळवी लागलेल्या तुळईसारखी त्या दाढेची स्थिति असते. कीड आधींच पोखरून गेलेली, आणि मुळांपर्यंत जाण्यासाठीं डॉक्टरांस माथ्यालाहि वाट करावी लागलेली. चार भिंती उभ्या आहेत, छप्पर नाहीं. त्यांत सिमेंट भरलें तर मधली पोकळी भरते, पण भिंतींना एकत्र बांधून धरण्याचें काम त्याकडून पुरेसें होत नाहीं. कठीण घांस आला कीं दाब बाहेरच्या बाजूला जातो आणि भिंती फाकतात. बैलगाडीचें चाक ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस पुढची गोष्ट सांगावयासच नको. चाकाच्या लांकडी तुकड्यांवर लोखंडी धांव तापवून चढवितात. ती निवतांना आवळते आणि सारे तुकडे एकमेकांत गच्च बसतात. टोपी म्हणजे दाढेची धांव आहे. म्हणूनच चांगला दंतवैद्य आधीं हें पाहतो कीं, हिरडीच्या वर निरोगी दांताची सुमारें दोन मिलिमीटर उंचीची कड सभोंवार शिल्लक आहे किंवा नाहीं. धांवेनें पकडावें असें लांकूडच उरलें नसेल तर ती चढवून उपयोग काय? अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांतल्या संशोधकांनीं २००२ सालीं आपल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासून असें दाखविलें कीं, रूट कॅनाल झालेले पण टोपी न बसविलेले दांत हे टोपी असलेल्या दांतांच्या मानानें सहापट वेगानें गमवावे लागले.

पुढच्या दांतांची गोष्ट थोडी निराळी. ते अन्न कापतात, दळीत नाहींत. त्यांची फारशी झीज झालेली नसेल तर नुसतें भरणहि पुरतें. तेव्हां पुढच्या शाबूत दांतावर कोणी टोपीचा आग्रह धरला तर कारण अवश्य विचारावें.

आतां आमच्या थोरल्या जाऊबाईंची हकीकत सांगतें. त्यांच्या संमतीनेंच सांगतें. माझें माहेर साताऱ्याचें आणि सासर सांगलीचें. सासरीं एके काळीं पंधरा माणसें जेवीत. आधीं पुरुषांची व मुलांची पंगत, मग बायकांची, आणि सर्वांचें आटोपल्यावर, उरलेलें झांकून ठेवतां ठेवतां, थोरल्या जाऊबाईंचें जेवण. त्यांच्या डावीकडील खालच्या दाढेचें रूट कॅनाल झालें त्याच वर्षीं मधल्या भाऊजींच्या मुलाची मुंज निघाली. टोपीचें माप देण्याचा दिवस आणि केळवणें एकाच आठवड्यांत आलीं. "दुखत तर नाहीं, मुंज होऊं दे, मग पाहूं," असें त्याच म्हणाल्या, आणि सासूबाईंनीं त्यांच्या समंजसपणाचें कौतुक केलें. मुंजीनंतर चातुर्मास आला, दिवाळी आली, मग मामंजींचा मोतीबिंदू निघाला. दीड वर्ष असें गेलें. सांगलीच्या घराला भडंगावांचून संध्याकाळ नसते. अशाच एका संध्याकाळीं भडंगांतला एक शेंगदाणा त्या दाढेखालीं आला आणि ती मधोमध उभी चिरली. चीर मुळापर्यंत गेलेली. दंतवैद्यांनीं एक्स-रे पाहून सांगितलें कीं, आतां काढण्यावांचून इलाज नाहीं.

दाढ काढली त्याचें घरांत कोणाला विशेष वाटलें नाहीं. पुढें सात-आठ महिने जाऊबाई एकाच बाजूनें चावीत होत्या, भाकरी आमटींत कुस्करून खात होत्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोशिंबीर त्यांनीं सोडून दिली होती. आणि हें कोणाच्याहि दृष्टीस पडलें नाहीं, कारण त्या जेवीत तेव्हां पाहावयास कोणी नसे. एके दिवशीं त्यांच्या धाकट्या लेकीनें विचारलें, "आई, तूं काकडी कां वाढून घेत नाहींस हल्लीं?" तेव्हां सर्व उलगडा झाला. टोपीचा जो खर्च वांचला असें वाटलें होतें तो मुंजीच्या मांडवांतील फुलांइतकाहि नव्हता. रिकाम्या जागीं दांत बसवितांना त्याच्या कितीतरी पट लागला.

मामंजींच्या चष्म्याच्या काचेला ओरखडा पडला तर आठ दिवसांत नवी काच येते. चष्मा नाकावर असतो, तो सर्वांस दिसतो. दाढ दिसत नाहीं, आणि शेवटच्या पंगतीला बसणाऱ्या बाईची तर नाहींच नाहीं. एकत्र कुटुंबाचे गुण मी जाणतें आणि त्यांच्याच आधारानें मी संसार केला आहे. पण ज्या घरांत प्रत्येक खर्चाला सर्वांची संमति लागते तेथें आपला खर्च मागें ढकलण्याची संवय बायकांच्या इतकी अंगवळणी पडते कीं, तिलाच मोठेपण मिळतें. गर्भारपणांत दांताला हात लावूं नये ही समजूतहि यांतलीच. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत दांताचीं आवश्यक कामें सुखरूप करतां येतात, आणि पू धरलेली दाढ तशीच ठेवणें हें मातेस अधिक अपायकारक असतें.

दुखला कीं काढावा, ही रीत आपली फार जुनी आहे असें समजण्याचें मात्र कारण नाहीं. सुश्रुतसंहितेंत मुखरोग पासष्ट सांगितले आहेत. त्यांत कृमिदंतक आहे, दंतशर्करा आहे, आणि ती शर्करा खरवडून काढण्याचें दंतशंकु नांवाचें शस्त्रहि आहे. म्हणजे दांत राखण्याची दृष्टि होती. ११९४ सालीं चंदावरच्या लढाईंत कनोजचा राजा जयचंद्र पडला, तेव्हां रणांगणावर त्याचें प्रेत ओळखूं येईना. त्याचे हलणारे दांत सोन्याच्या तारेनें बांधलेले होते त्यांवरून तें ओळखलें, असें इब्न अल्-असीर या अरबी इतिहासकारानें लिहून ठेवलें आहे. राजाला परवडलें तें प्रजेला परवडलें नसेल, हें उघड आहे. पण हलणारा दांत उपटून न टाकतां बांधून घेणारा कारागीर त्या काळीं हिंदुस्थानांत होता, एवढें यावरून दिसतें.

दंतवैद्यकाचें नवें शिक्षण आपल्याकडे आलें तें बरेंच उशिरां. कलकत्त्यास डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं पहिलें दंतमहाविद्यालय काढलें, मुंबईस नायर रुग्णालयाचें १९३३ सालीं निघालें, आणि दंतवैद्यांची नोंदणी करणारा कायदा १९४८ सालीं झाला. तोंपर्यंत आणि त्यानंतरहि पुष्कळ दिवस लहान गांवीं दांत म्हणजे चिमटा, हेंच समीकरण होतें. आठवड्याच्या बाजारांत आणि जत्रांत दाढेंतले किडे काढून दाखविणारींहि असत. कानापाशीं नळी धरावयाची, काहीं पुटपुटावयाचें, आणि हातांत आधींच दडविलेल्या अळ्या तळहातावर दाखवावयाच्या. दाढेंत अळ्या नसतातच. डोळ्यांस न दिसणारे जंतु साखरेपासून आम्ल तयार करतात आणि तें आम्ल दांत विरघळवितें. तसेंच रस्त्याच्या कडेला बसून घटकेंत दांत बसवून देणारे. ते शेजारच्या दांतांना आणि हिरडीला कच्चें प्लास्टिक चिकटवून टाकतात. तें काढतां येत नाहीं, खालीं अन्न सांचतें, हिरडी कुजते, आणि एका दांतापायीं शेजारचे दोन जातात. हा प्रकार अजून कोठें आढळला तर स्वस्त म्हणून त्याच्या वाटेस जाऊं नये.

टोपी कशी करतात हें थोडक्यांत सांगतें. दाढ सर्व बाजूंनीं मिलिमीटर-दीड मिलिमीटर घांसून बारीक करतात, तिचें माप घेतात, आणि खरी टोपी तयार होऊन येईपर्यंत तात्पुरती बसवितात. पूर्वीं धातूची टोपी मेणांत घडवून, त्या मेणाच्या जागीं धातु ओतून करीत. आपले ओतारी देवांच्या मूर्ति याच रीतीनें करतात. दांतांच्या कामांत ही ओतीव रीत अमेरिकेंतील टॅगार्ट यांनीं १९०७ सालीं रूढ केली. हल्लीं बरींच कामें यंत्रावर कोरून होतात.

सोन्याची टोपी अजूनहि उत्तम टिकते, समोरच्या दांतास झिजवीत नाहीं. पण ती दिसते, आणि हल्लींच्या मुलींना दिसलेली आवडत नाहीं. आमच्या एक आत्याबाई मोठ्या डौलानें सांगत, "माझ्या तोंडांत सोनें आहेच, शेवटच्या वेळीं तुम्हांस निराळें घालावयास नको." आंत धातु आणि वर चिनी मातीसारखा थर अशी टोपी पुष्कळ वर्षें चालत आली, हिरडी मागें सरली कीं तिच्या कडेला काळसर रेघ दिसूं लागते, आणि कधीं वरचा थर उडतो. झिरकोनियाची टोपी पांढरी, मजबूत, आणि तिला ती रेघ नाहीं. मागच्या दाढेवर, जेथें कोणी पाहत नाहीं, तेथें साधी धातूची टोपी बसविली तर त्यांत काहीं कमीपणा नाहीं. पैसे बेताचे असतील तर सुंदर टोपीची वाट पाहत दाढ उघडी ठेवण्यापेक्षां ती आधीं बसवून घ्यावी.

टोपीला कीड लागत नाहीं, परंतु टोपीच्या कडेखालीं जो आपला दांत उरतो त्याला लागते, आणि बऱ्याच टोप्या तेथेंच फसतात. साताऱ्याचे कंदी पेढे आणि तासगांवचे बेदाणे हे दोन्ही या कडेला चिकटून बसणारे पदार्थ. ते खाऊं नयेत असें सांगण्याची माझी तयारी नाहीं. जेवणाबरोबर खावेत आणि चुळा भराव्यात. डबा जवळ घेऊन दिवसभर एकेक तोंडांत टाकणें वाईट, कारण प्रत्येक वेळीं आम्लाचा हल्ला नव्यानें सुरू होतो. रात्रीं निजण्यापूर्वीं दांत घांसावेत आणि दोन दांतांच्या मधून दोरा फिरवावा. एवढी निगा राखली तर टोपी दहा-पंधरा वर्षें सहज टिकते, कित्येकांची त्याहूनहि अधिक.

दांत गेलाच असेल तर ती जागा मोकळी ठेवण्यानें काय बिघडतें, असेंहि विचारतात. पंगतींतून एक माणूस उठला कीं शेजारचीं सैल बसतात. तसेच बाजूचे दांत त्या जागेकडे कलतात, समोरचा दांत आपल्या जागेवरून हळूहळू पुढें सरकतो, आणि तेथलें जबड्याचें हाड झिजूं लागतें. दोन्ही बाजूंचे दांत घांसून त्यांच्या आधारें मधला दांत बसविणें, म्हणजे पूल बांधणें, हा एक उपाय. त्यांत दोन चांगले दांत खर्ची पडतात, म्हणून ते आधींच किडके असतील तेव्हां तो शोभतो. हाडांत टायटॅनियमचा खिळा बसवून त्यावर दांत उभारणें हा दुसरा. टायटॅनियम हाडाशीं एकजीव होतें हें स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांना सशांच्या हाडांवरील प्रयोगांत दिसून आलें, आणि १९६५ सालीं त्यांनीं पहिल्या माणसाला असे दांत बसविले. मधुमेह आटोक्यांत नसेल किंवा तंबाखू सुटली नसेल तर मात्र यावर पैसे घालण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

मुलांच्या बाबतींत एक गोष्ट घरांतल्या प्रत्येकास ठाऊक पाहिजे, कारण तेथें मिनिटांचा हिशेब असतो. मूल जिन्यावरून किंवा सायकलवरून पडून कायमचा दांत मुळासकट बाहेर आला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला बोट लावूं नये, घांसूं तर मुळींच नये. मळला असेल तर दुधानें किंवा पाण्यानें क्षणभर धुवावा आणि जमल्यास त्याच जागीं बसवून, मऊ रुमाल चावावयास देऊन निघावें. तें धैर्य झालें नाहीं तर दांत वाटीभर गार दुधांत टाकून अर्ध्या तासाच्या आंत दंतवैद्याकडे न्यावा. असा दांत पुन्हां रुजूं शकतो. दुधाचा दांत पडला असेल तर मात्र तो परत बसवूं नये. नुसता तुकडा उडाला असेल तर तोहि जपून न्यावा. पुष्कळदां तोच चिकटवितां येतो.

आणि कवळी. मामंजींनीं ती घेण्यास चार वर्षें टाळाटाळ केली, "या वयांत कोणाला मिरवावयाचें आहे?" हें त्यांचें उत्तर. त्यांना अखेर राजी केलें तें अन्नानें नव्हे, उच्चारानें. त, द, न, ल, स हे वर्ण वैयाकरणांनीं दंत्य म्हटले आहेत ते उगीच नव्हेत. रोजच्या पाठांत सकार फुसफुसूं लागला, आणि वाईच्या पाठशाळेंत अध्ययन झालेल्या त्यांच्या जुन्या स्नेह्यांनीं एकदां तें हंसत बोलून दाखविलें. पुढच्याच आठवड्यांत माप दिलें. पहिले पंधरा दिवस बोलणें बोबडें झालें, लाळ फार सुटली. मग जीभ सरावली. कवळी रात्रीं काढून पाण्यांत ठेवावी, धुतांना खालीं पाण्याचें भांडें असावें, म्हणजे हातांतून सुटली तरी फुटत नाहीं. चार-पांच वर्षांनीं ती सैल होते, कारण खालचें हाड झिजतें. तेव्हां तिला आंतून नवा थर द्यावा लागतो. सैल कवळीनें हिरडी सोलून काढीत बसण्यांत काहीं पुरुषार्थ नाहीं.

खर्चाचीच अडचण असेल तर आपल्या भागांत सोय नाहीं असें नाहीं. सांगलीस भारती विद्यापीठाचें, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नांवाचें, आणि कराडजवळ मलकापूरला कृष्णा संस्थेचें, अशीं दंतमहाविद्यालयें आहेत. महाविद्यालयाच्या रुग्णालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखालीं काम करतात. वेळ अधिक लागतो, पैसे बाहेरच्यापेक्षां बहुधा कमी. जातांना चालू औषधांची यादी बरोबर न्यावी. रक्त पातळ ठेवणारी गोळी असेल तर ती आपल्याच मनानें बंद करून जाऊं नये, आणि हाडांच्या ठिसूळपणावर औषध घेत असाल तर दांत काढण्यापूर्वीं तें आवर्जून सांगावें. एकंदर किती खेपा पडतील तेंहि पहिल्याच दिवशीं विचारून घ्यावें. मध्येंच घरांत मुंज निघाली तर तिच्या तारखा जुळवून घेतां येतील.